दावणीची दुसरी घोडी

ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर खंडेराव आहेर गावी परतला, तो डोक्यात घोड्या घेऊनच. चांदवडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला त्याची वस्ती होती. कांद्याचं रान, एक विहीर आणि आजोबांच्या वेळची पागा. आजोबांच्या दावणीला जातिवंत घोड्या असायच्या, लांबलांबचे लोक शिंगरं न्यायला यायचे, हे त्यानं लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की त्या घोड्या आपण पाहिल्यात असंच त्याला वाटायचं. खरं तर त्याच्या जन्माच्या आधीच पागा रिकामी झाली होती. आता त्याची बायको चंद्रभागा तिथं सरपण ठेवत होती.

"आता कोण बसतंय घोड्यावर?" ती म्हणाली.

"बसायला नको. पैदास करायची. चांगल्या घोडीचं शिंगरू लोक पोटात असतानाच सांगून ठेवतात."

"आणि लीद कोण काढणार?"

"मी काढीन."

चंद्रभागा हसली. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि त्यानं कधी चहाचा कप उचलून मोरीत ठेवला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तिनं सरपण बाहेर काढलं.

पहिली घोडी खंडेरावानं फार शोधून घेतली. येवल्याच्या बाजारात कितीतरी मंगळवार तो नुसता फिरला. तिथंच कुणीतरी झुंबरबाबाचं नाव सांगितलं. म्हातारा येवल्याच्या अलीकडं एका वस्तीवर राहतो, आयुष्यभर घोड्याच केल्या, आता नजर गेल्यात जमा आहे. एकच घोडी उरलीय, गाभण आहे. विकायची म्हणतो आणि कुणाला देत नाही.

खंडेराव चंद्रभागेला सोबत घेऊन गेला. म्हातारा लिंबाखाली बाजेवर बसला होता. घोडी मोकळीच होती, त्याच्या मागं उभी, त्याच्या खांद्यावर तोंड टेकून. कुमेत, म्हणजे तांबूस रंगाची, गुडघ्याखाली पाय काळे, कपाळावर बोटभर चांदणी. तिचं नाव मोहर.

"वरातीत नाचवायला पाहिजे का?" झुंबरबाबानं आधीच विचारलं.

"नाय बाबा. पैदाशीला."

"शर्यतीला?"

"नाय."

"समदे नायच म्हणत्यात," म्हातारा म्हणाला.

खंडेराव घोडीचे दात बघू लागला, खूर उचलून बघू लागला, अंगावरचे भोवरे मोजू लागला. चंद्रभागा लांब उभी होती. तिला कुत्र्याचीसुद्धा भीती वाटायची. मोहर आपणहून तिच्याकडं चालत गेली आणि तिचा पदर हुंगू लागली. चंद्रभागा दोन पावलं मागं सरली, मग थांबली. घोडीचा गरम श्वास तिच्या हातावर येत होता.

"ताई, दिवसभर घरी तुम्हीच असता का?" म्हाताऱ्यानं विचारलं. त्याला दिसत नव्हतं, पण घोडी कुठं गेली ते पावलांवरून कळलं होतं.

"मीच असते."

"मंग तुम्हाला सांगतो." आणि पुढचं सगळं तो तिलाच सांगत बसला. हरभरा रात्री भिजत घालायचा. कान धरायचा नाय, बाकी कुठंबी हात लावा. फटाके वाजले तर जवळ उभं राहायचं, बोलत राहायचं. "आन् नवं जनावर आणलं, तर ते म्हैनाभर वायलं बांधायचं. दावण वायली, पाणी वायलं. घोड्याला रोग पाण्यातून येतो."

किमतीवरून त्यानं घासाघीस केली नाही. पिकअपमध्ये चढायला मोहर तयार होईना, तेव्हा तो स्वतः चाचपडत फळीवरून वर चढला. ती त्याच्या मागोमाग चढली. तो बाजूनं खाली उतरला. मागचं फळकं लावल्यावर घोडी खिंकाळली नाही. गाडी रस्त्याला लागेपर्यंत म्हाताऱ्याचा हात फळक्यावर होता. रवीनं, झुंबरबाबाच्या मुलानं, तो सोडवला.

घरी आल्यावर पहिले काही दिवस लीद खंडेरावानंच काढली. मग त्याची कंबर धरली आणि ते काम चंद्रभागेकडं आलं. पाठोपाठ चारापाणी आलं, खरारा आला. सकाळी ती कांद्याच्या रानात जायच्या आधी मोहरच्या अंगावरून खरारा फिरवायची आणि तिच्याशी बोलायची. सिन्नरला दिलेल्या मुलीबद्दल, तेजस्विनीबद्दल, सांगायची. आपल्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल सांगायची. खंडेराव कधी पागेत आला की बोलणं थांबायचं.

"माझ्याशी तर एवढं बोलत नाय," तो म्हणायचा.

"तुम्ही ऐकता कुठं?"

झुंबरबाबाचा फोन यायचा. तो खंडेरावाला रामराम करायचा आणि "ताईकडं द्या" म्हणायचा. मग चंद्रभागा पागेत जाऊन फोन मोठ्या आवाजावर ठेवायची. म्हातारा जिभेनं टक टक करायचा आणि मोहर घास चावायची थांबून मान वर करायची.

थंडीच्या दिवसांत एका जत्रेत घोडेबाजार भरला. खंडेराव बघायला म्हणून गेला. वस्तीवर येणारा-जाणारा मोहरचं कौतुक करायचा, त्यानं त्याला चेव आला होता. एका घोडीनं पैदास होत नाही, दोन तरी हव्यात, असं तो सारखं म्हणत होता. बाजारात त्याला पांढरीशुभ्र नुकरी घोडी दिसली. व्यापारी लांबचा होता, परतायच्या घाईत होता. घोडीच्या नाकाला पाणी होतं. प्रवासाचा गारठा आहे, व्यापारी म्हणाला. रक्त तपासलंय का, असं शेजारच्यानं विचारलं, तर "सगळं झालंय" म्हणाला. खंडेरावानं पुढं काही विचारलं नाही. घरी फोनही केला नाही.

पिकअप दारात आली तेव्हा चंद्रभागा भाकरी टाकत होती. ती पीठ लागल्या हातानंच बाहेर आली.

"नाक गळतंय हिचं."

"गारठ्यानं. दोन दिवसांत बरं वाटंल."

"वायली बांधा. बाबांनी सांगितलंय."

"कुठं बांधू? बाहेर थंडी बघ केवढी हे. उघड्यावर बांधली आणि मेली म्हणजे?"

त्यानं नुकरी पागेतच बांधली, मोहरच्या पलीकडच्या टोकाला. चंद्रभागेनं तिच्यासाठी वेगळी बादली ठेवली. पण मध्येच तेजस्विनीचं पोर आजारी पडलं म्हणून ती सिन्नरला गेली, आणि परत आली त्या संध्याकाळी दोन्ही घोड्या हौदावर होत्या. पांढरी आणि तांबडी, पाण्यात शेजारी शेजारी तोंडं घातलेली. खंडेराव मध्ये उभा राहून दोघींच्या पाठी थोपटत होता. एवढा खूश तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. ती बोलायला गेली आणि राहिली.

माघात मोहर व्याली. पहाटे चंद्रभागा पागेत गेली तेव्हा शिंगरू आधीच उभं राहायच्या खटपटीत होतं. चारही पाय चार दिशांना जात होते. मादी होती, आईच्याच रंगाची. खंडेराव गुडघ्यावर बसून लहान पोरासारखा हसत होता. झुंबरबाबाला फोन केला तर त्यानं आधी रंग विचारला. मग म्हणाला, "ऊन जरा वाढलं की येतो. रवी सोडंल मला."

नुकरीचं नाक मात्र थांबलं नाही. पाणी घट्ट झालं, पिवळं झालं. मग मागच्या पायावर गाठी उठल्या, फुटल्या, वाहू लागल्या. खंडेरावानं हळद लावली, कुणी सांगितलेला पाला बांधला. ती खंगत गेली आणि एका दुपारी खाली बसली ती उठलीच नाही.

"पुरून टाकू," खंडेराव म्हणाला.

"आधी डॉक्टरांना बोलवा," चंद्रभागा म्हणाली. "मोहर हे, शिंगरू हे."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर संजना साळवे आल्या. वयानं तेजस्विनीएवढ्या. मेलेल्या घोडीजवळ त्या वाकल्या, पाय पाहिला आणि झटकन मागं झाल्या. सगळ्यांना हात धुवायला लावले, नुकरीला चुना टाकून खोल पुरायला सांगितलं. मग तोंडाला मास्क, हातात दुहेरी हातमोजे घालून त्यांनी मोहरचं आणि शिंगराचं रक्त घेतलं. "रिपोर्ट येईपर्यंत कुणी पागेत जायचं नाही," त्या म्हणाल्या. "गेलात तर तोंड बांधून. जनावर बाहेर काढायचं नाही."

"काय वाटतंय तुम्हाला?" खंडेरावानं विचारलं.

"काका, रिपोर्ट येऊ दे."

रक्त दूर हरियाणातल्या प्रयोगशाळेत गेलं. रिपोर्ट आला, मग खात्री करायला पुन्हा रक्त गेलं, पुन्हा तोच आला. शिंगरू निर्दोष होतं. मोहरला ग्लँडर्स होता.

डॉक्टर सांगायला स्वतः आल्या. ओट्यावर बसल्या, पाणी घेतलं आणि सांगितलं. या रोगाला औषध नाही. माणसाला होतो, आणि झाला तर माणूस वाचणं कठीण. कायद्यानं अशा जनावराला मारावंच लागतं.

"तिला काहीच झालेलं नाय," खंडेराव म्हणाला. "नाक कोरडं हे. खातीय, पितीय. या तुम्ही, बघा तरी."

"आता दिसत नाही. तिच्या अंगात आहे."

"शिंगरू पितंय तिला."

"ते आजपासून तोडावं लागेल, काका."

"महिनाभर थांबा. शिंगरू चारा खायला लागू दे."

डॉक्टर साळव्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मला एक दिवस जरी थांबवता आलं असतं तरी मी थांबले असते," त्या म्हणाल्या. चंद्रभागा आतल्या दारात उभी होती. ती पागेकडं गेली, शिंगराला कवेत धरून ढकलत कांदे साठवायच्या रिकाम्या चाळीत आणलं आणि दार ओढून घेतलं. तेव्हापासून मोहर हाका मारू लागली. चाळीतून शिंगरू ओ देत होतं.

दोन दिवसांनी दुपारी खंडेरावानं पिकअप बोलावली. त्र्यंबकेश्वरच्या बाजूला, डोंगरात, कारखान्यातला एक जुना सोबती राहायचा. त्याच्या रानात घोडी ठेवायची, असं त्यानं मनात धरलं होतं. तो मोहरला सोडून अंगणात आला तेव्हा चंद्रभागा रानातून येत होती. तिनं गाडी पाहिली, घोडी पाहिली.

"कुठं?"

"त्र्यंबकला, सोबत्याकडं. तू बाजूला हो."

"त्यांच्याकडं काय हे?"

"काय म्हंजे?"

"जनावर हे का? लेकरं हेत का?"

खंडेरावानं दोर मुठीत आवळला. त्या सोबत्याची दोन नातवंडं होती, एक म्हैस होती, जत्रेच्या दिवसांत भाड्यानं द्यायची दोन तट्टं होती.

"आपल्या दावणीचं मरण दुसऱ्याच्या दावणीला नेऊन बांधायचं का?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एकानं आपल्याला तसंच दिलं. तुम्हीबी तेच करा."

खंडेरावाची मूठ सैल झाली. मोहर मधेच उभी होती, चाळीकडं कान टवकारून. चंद्रभागेनं तोंडाला पदर घट्ट बांधला, तिचा दोर घेतला आणि तिला पागेत परत नेलं. पिकअपवाला काही न विचारता निघून गेला. खंडेराव अंगणातच मटकन बसला आणि तोंड झाकून रडला. ती बाहेर आली, त्याच्याजवळ बसली नाही. तिला त्याचा राग आला होता आणि त्याची दयाही येत होती, आणि यातलं कुठलंच त्याला दाखवायची तिची इच्छा नव्हती.

झुंबरबाबाला कळवायचं कुणी, हा प्रश्न राहिला. खंडेरावानं फोन हातात घेतला आणि पुन्हा ठेवला. शेवटी चंद्रभागेनंच लावला. तिनं सगळं सांगितलं. नुकरीचं, हौदाचं, डॉक्टरांचं. पलीकडून बाजेची कुरकुर ऐकू आली.

"बाबा?"

"कवा हे?" त्यानं विचारलं.

"परवा."

"येतो."

त्या दिवशी सकाळीच जेसीबीनं रानाच्या कोपऱ्यात खोल खड्डा केला. चुन्याच्या गोण्या आल्या. पांढरे पोशाख घातलेली माणसं आली. शेजारच्या वस्त्यांवरचे लोक बांधावर लांब उभे राहिले. झुंबरबाबा रवीच्या मोटारसायकलवरून आला. खंडेराव पुढं झाला, पण म्हातारा त्याच्या बाजूनं गेला. ते दिसत नसल्यामुळं का मुद्दाम, हे कुणाला कळलं नाही.

"मी धरतो तिला," तो डॉक्टरांना म्हणाला.

"बाबा, तुम्हाला जवळ जाता येणार नाही."

"दुसऱ्या कुणाच्या हातानं ती जाणार नाय. ओढत न्याल तुम्ही तिला."

डॉक्टर साळव्यांनी थोडा विचार केला, मग त्यालाही आणि रवीलाही पांढरा पोशाख चढवला, मास्क लावला, हातमोजे घातले. तो पागेच्या दारात गेला तेव्हा मोहर बिचकून मागं सरकली. एवढ्या पांढऱ्या माणसांत तिला तो ओळखू आला नाही. मग त्यानं मास्कच्या आतून जिभेनं टक टक केलं. तिचे कान उभे राहिले. ती दावं ताणून पुढं आली आणि त्याच्या खांद्यावर तोंड टेकलं.

तो पुढं आणि ती मागं, अशी ती दोघं रानातून गेली. रवी बाजूनं चालत "डावीकडं, दगड हे" असं सांगत होता. मोहरची कास भरून तट्ट झाली होती. चालताना दूध आपोआप गळत होतं, मातीत थेंब पडत होते. चंद्रभागा चाळीच्या दारात उभी होती, तिनं ते पाहिलं आणि आत वळून शिंगराची मान मिठीत घेतली.

"आधी भूल देते," डॉक्टर म्हणाल्या. "तिला कळणार नाही."

म्हाताऱ्यानं मान हलवली. तो तिच्याशी बोलत राहिला. काय बोलत होता ते मास्कमुळं कुणाला ऐकू आलं नाही. तिचे पुढचे पाय वाकले तसा तोही तिच्याबरोबर खाली बसला. दुसरं इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला, तरी तो उठेना. रवीनं त्याला धरून उठवलं. पोशाख काढून जाळले, अंगावर औषधाचं पाणी मारलं. म्हाताऱ्यानं चहा घेतला नाही. रवीच्या मागं बसून निघून गेला.

खड्डा बुजवताना खंडेराव शेवटपर्यंत तिथं होता. माणसं गेली, जेसीबी गेला. तो ढिगावरची ढेकळं एकेक करून हातानं फोडत बसला.

शिंगराचं सगळं चंद्रभागेनं केलं. शेळीचं दूध, पावडरचं दूध. आधी बाटलीनं, मग घमेल्यातून. ते दर दोन-तीन तासांनी मागायचं. पहिल्या आठवड्यात ते मरणारच असं सगळ्यांना वाटलं होतं. ते बाटलीला तोंड लावायचं, सोडायचं, आणि पागेच्या दिशेनं हाक मारायचं. एकदा हाक मारायचं थांबलं आणि दूध प्यायलं. चंद्रभागेला तेव्हाच जास्त वाईट वाटलं. तिचं आणि खंडेरावाचं रक्त तपासलं, काही निघालं नाही. शिंगराचं रक्त पुन्हा पुन्हा गेलं आणि दर वेळी स्वच्छ आलं. उन्हाळा सरला, आषाढ गेला. मग डॉक्टर साळवे येऊन सांगून गेल्या की आता जनावर बाहेर न्यायची बंदी उठली.

पोळ्याच्या आधी झुंबरबाबा आला. या वेळी एसटीनं, एकटा. कंडक्टरनं फाट्यावर उतरवलं, तिथून कुणीतरी वस्तीवर आणून सोडलं. तो खूपच खंगला होता. त्यानं शिंगराच्या तोंडावरून, मानेवरून, पाठीवरून हात फिरवला. पाय चाचपले, खूर उचलून अंगठ्यानं दाबून पाहिले. शिंगरू त्याच्या सदऱ्याची बाही चावत होतं.

"बाबा, ही तुमचीच," खंडेराव म्हणाला. "घेऊन जा. मी गाडी करून देतो."

"नेऊन काय करू? मला ताटातली भाकर दिसत नाय."

खंडेराव जवळ आला. "माझं चुकलं बाबा."

"ते मला ठावं हे."

"तुम्ही काहीतरी बोला मला. शिव्या द्या."

"शिव्या देऊन काय व्हतं?" म्हातारा म्हणाला. "आन् माफ केलं म्हणून तरी काय व्हतं? तुम्हाला बरं वाटंल. मला नाय वाटणार." तो रागानं बोलत नव्हता. शिंगराच्या पाठीवरचा हात त्यानं काढून घेतला. खंडेराव विहिरीकडं निघून गेला.

चंद्रभागा म्हाताऱ्याला फाट्यापर्यंत सोडायला गेली. त्यानं तिच्या कोपराला धरलं होतं. कांद्याची रोपं टाकायचे दिवस, रस्त्यानं बायका रानात चालल्या होत्या. हायवेच्या कडेला दोघं थांबले. ट्रक जात होते, त्यांचा वारा अंगावर येत होता.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी हौदावर दोघी मला दिसल्या व्हत्या. मी बोलले नाय."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं तोंड वळवलं. बोटं तिच्या कोपरावर तशीच होती.

"का नाय बोलल्या?"

"ते लय खूश व्हते."

"तुमच्याकडं बघून दिली व्हती मी तिला," तो म्हणाला. "त्यांच्याकडं बघून नाय."

चंद्रभागेनं पदर तोंडाला लावला. त्यानं हात सोडला नाही, पण तिची समजूतही काढली नाही. मनमाडची गाडी आली. तिनं त्याला धरून वर चढवलं, एका पोरीला उठवून खिडकीशी जागा करून दिली. गाडी निघताना तो खिडकीतून म्हणाला, "हिला लवकर घोड्याकडून भरवू नका. पुरी वाढू द्या आधी."

"नाय भरवणार," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं की नाही कळलं नाही.

ती परत आली तेव्हा खंडेराव पागेत होता. त्यानं लीद काढली होती, जमीन झाडली होती, शिंगरासाठी हिरवा घास कापून आणला होता. बंदी उठल्यापासून हे सगळं तोच करतो. बाजाराला तो पुन्हा गेला नाही. शिंगरू देता का म्हणून कुणी विचारायला आलं की तो आत निघून जातो, आणि चंद्रभागा त्या माणसाला नाही म्हणून सांगते.

"गेले का?" त्यानं विचारलं.

"गेले."

"काय म्हणाले?"

चंद्रभागेनं घास उचलून शिंगरापुढं टाकला. "काय नाय," ती म्हणाली, आणि दोघं ते खात असताना बघत उभे राहिले.